फळे घातलेले ग्वाकामोले : खलबत्त्यातली मेक्सिकन चटणी

मोबाइलच्या पडद्यावरून अलीकडे बरेच नवे पदार्थ आपल्या घरांत शिरले आहेत. मुले व्हिडिओ पाहतात आणि अम्मीच्या मागे लागतात. ग्वाकामोले हा त्यातलाच एक. नाव जड, रंग हिरवा, त्यात ॲव्होकाडो नावाचे महागडे फळ. त्यामुळे हा हॉटेलातला पदार्थ आहे, आपल्या चुलीचा नाही, अशी अनेक घरांत समजूत होते. म्हणून पहिल्यांदा एक गोष्ट सांगून टाकतो. ग्वाकामोले ही चटणी आहे. ती शिजवावी लागत नाही, तिला ओव्हन लागत नाही, मिक्सर तर लावूच नये. ज्या हाताला खलबत्ता किंवा पाटा-वरवंटा माहीत आहे, त्या हाताला ती निम्मी आधीच येते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे मधल्या सुट्टीतले डबे रोज पाहतो. पास्ता किंवा नूडल्स आणलेला मुलगा डबा सताड उघडा ठेवून जेवतो. भाकरी-चटणी आणलेला मुलगा झाकणाच्या आड घास घेतो. चटणी म्हणजे गरिबी आणि इंग्रजी नावाचे काही म्हणजे प्रतिष्ठा, हे या मुलांना कोणी शिकवलेले नसते, तरी ती शिकलेली असतात. त्याच मुलांना ज्याचे अप्रूप आहे तो पदार्थ दूरच्या देशातल्या शेतकऱ्यांची दगडावर वाटलेली चटणीच आहे, हे कळले तर बरे. ते तोंडाने सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून करून घेतले तर लवकर कळते.

दगड तोच, हातही तसाच

ग्वाकामोलेचे मूळ मेक्सिकोत आहे. तिथल्या नाहुआत्ल भाषेत या फळाला ‘आवाकात्ल’ आणि वाटलेल्या रशाला किंवा चटणीला ‘मोल्ली’ म्हणत. दोन्ही मिळून झाले ‘आवाकामोल्ली’. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचे ग्वाकामोले झाले.

ते वाटण्याच्या भांड्याला तिथे ‘मोल्काहेते’ म्हणतात. तीन पायांचा, काळ्या दगडाचा खल. हा दगड म्हणजे बेसाल्ट, ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेला. आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा दगडही बेसाल्टच. आपल्या आजीचा पाटा ज्या जातीच्या दगडाचा, त्याच जातीच्या दगडावर तिथल्या आज्या वाटत आल्या. पाट्यासारखा आडवा दगडही त्यांच्याकडे आहे, त्याला ‘मेताते’ म्हणतात. त्यावर मका वाटायचा आणि भाकरीसारखी तोर्तिया थापायची. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे त्याचे साल सुटते आणि पीठ लवचीक होते. भाकरी आणि चटणी, जेवणाचा पाया तिथेही हाच.

फळे घालणे ही नवी फॅशन नव्हे

ग्वाकामोलेत फळे घालतात म्हटले की कोणीतरी नवीन चाळा काढला असे वाटते. पण मेक्सिकोच्या ग्वानाहुआतो राज्यात कोमोनफोर्ट नावाचे गाव आहे. त्याचे जुने नाव चामाक्वेरो. दगडाचे मोल्काहेते घडवणाऱ्या कारागिरांसाठी हे गाव ओळखले जाते, जसे आपल्याकडे पाटे घडवणारे आणि त्यांना टाकी लावणारे पाथरवट. याच गावाच्या नावाने ‘ग्वाकामोले चामाक्वेरो’ हा प्रकार प्रसिद्ध आहे. त्यात पीच, द्राक्षे आणि डाळिंबाचे दाणे घालतात. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या डायना केनेडी यांनी कित्येक दशके मेक्सिकोत राहून गावोगावच्या घरगुती पाककृती जमवल्या. त्यांनी ही कृती पुस्तकात नोंदवली आणि ती बाहेरच्या जगाला कळली.

आता या वाडग्यात काय कुठून आले ते पाहा. ॲव्होकाडो आणि मिरची मूळ तिथली. पण कांदा, लिंबू, कोथिंबीर, पीच, द्राक्षे आणि डाळिंब यांतले काहीच मेक्सिकोचे नाही. 1521 मध्ये स्पेनने तिथले राज्य जिंकले, त्यानंतर ही सगळी पिके जहाजांतून तिकडे गेली. आणि स्पेनमध्ये लिंबू कोणी नेले? अरबांनी. स्पॅनिशमधला ‘लिमोन’ हा शब्द अरबी ‘लायमून’वरून आला आहे आणि त्याच्या मागे फारसीतला ‘लीमू’ आहे. डाळिंबाच्या बागाही अंदलुसमध्ये अरबांच्या काळात बहरल्या. कुरआन शरीफमध्ये ज्याचा उल्लेख ‘रुम्मान’ म्हणून येतो, तेच हे फळ.

उलट्या दिशेने मिरची, टोमॅटो आणि पेरू पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले. आज मिरचीशिवाय आपले सालन होत नाही, पण ती पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे नव्हती. म्हणजे आपल्या तिखटात त्यांचा वाटा आणि त्यांच्या आंबटात आपल्या बाजूचा. परके काय आणि आपले काय, हा हिशेब स्वयंपाकघरात फार ताणता येत नाही.

ॲव्होकाडो घेताना

सगळा खर्च या एका फळात आहे, म्हणून इथे जरा थांबू. बाहेरून आलेल्या एका ॲव्होकाडोच्या पैशात कधी कधी अर्धा किलो सफरचंद येते. ते कच्चे निघाले किंवा आतून काळे निघाले तर जीव हळहळतो.

आपल्या बाजारात दोन प्रकार दिसतात. एक ‘हास’. छोटे, जाड खरबरीत सालीचे, पिकले की हिरव्याचे जांभळट काळे होणारे. हे टांझानिया, केनिया, पेरू अशा देशांतून येते. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या अंगणात याचे पहिले झाड वाढले आणि 1935 मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. आज जगात सर्वांत जास्त खपणारा ॲव्होकाडो तोच आहे. दुसरा प्रकार आपल्या दक्षिणेतला. कोडगू, वायनाड आणि निलगिरीच्या भागात, बहुतेक कॉफीच्या मळ्यांत, ही झाडे असतात. कन्नडमध्ये त्याला ‘बेण्णे हण्णु’ म्हणजे लोण्याचे फळ म्हणतात आणि आपल्याकडचे फळवाले ‘बटर फ्रूट’ म्हणून विकतात. हे मोठे, पातळ गुळगुळीत सालीचे आणि बऱ्याचदा पिकल्यावरही हिरवेच राहणारे. त्यात पाण्याचा अंश जास्त आणि स्निग्धपणा कमी असतो, पण पावसाळ्याच्या सुमारास ते स्वस्त मिळते. चटणीला दोन्ही चालतात. कोकणातल्या पुष्कळ घरांना या फळाची ओळख आखातातून झाली आहे, कारण तिथल्या ज्यूसच्या दुकानांत मध घातलेला ॲव्होकाडो शेक सर्रास मिळतो.

हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकते. त्यामुळे कडक फळ घेण्यात तोटा नाही, फक्त तीन-चार दिवस आधी घ्यावे. आंबा अढीत घालतो तसे ते कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवावे. सोबत एक पिकलेले केळे ठेवले तर आणखी लवकर पिकते, कारण केळ्यातून इथिलिन वायू निघतो आणि तो फळ पिकवतो. कडक फळ फ्रिजमध्ये टाकू नये, ते धड पिकत नाही. पिकल्यानंतर मात्र फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

पिकले की नाही ते रंगावरून ठरवू नका. तळहातात धरून देठाजवळ अंगठ्याने हलके दाबावे. तूप थिजल्यावर जसे लागते तसे किंचित दबले की तयार. बोट आत गेले तर ते जास्त झाले. देठाचे बारीक टोपण काढून पाहिले आणि खाली हिरवे दिसले तर आतून चांगले असते, तपकिरी दिसले तर शंका घ्यावी. दुकानात प्रत्येक फळ दाबून पाहू नये, दाबलेल्या जागी ते आतून काळे पडते आणि नुकसान दुसऱ्याचे होते.

कृती

चार-पाच जणांसाठी पुढील साहित्य पुरते :

पिकलेले मध्यम हास ॲव्होकाडो 2 (किंवा दक्षिणेतला मोठा 1), अर्धा लहान कांदा, हिरव्या मिरच्या 1 ते 2, मीठ अर्धा छोटा चमचा, लिंबाचा रस 1 मोठा चमचा, डाळिंबाचे दाणे पाव वाटी, बिनबियांची द्राक्षे 12 ते 15, घट्ट पीच किंवा नाशपातीचे बारीक तुकडे अर्धी वाटी, कोथिंबीर हवी असल्यास थोडी.

1. पहिल्यांदा फळे चिरून ठेवावीत. द्राक्षांचे दोन तुकडे करावेत. घरात पाच वर्षांच्या आतले मूल असेल तर प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे करावेत, कारण अख्खे गोल द्राक्ष लहान मुलांच्या घशात अडकू शकते. चिरलेली फळे चाळणीत ठेवून पाणी निथळू द्यावे.

2. खलबत्त्यात कांदा, मिरची आणि मीठ एकत्र कुटून ओबडधोबड वाटण करावे. खरी चव या पायरीत आहे. मिठाच्या खड्यांनी कांदा-मिरचीचा रस सुटतो आणि तो पुढे सगळीकडे सारखा लागतो. खलबत्ता लहान असेल तर एवढेच त्यात करून बाकीचे परातीत करावे.

3. ॲव्होकाडो सालीसकट धुऊन पुसावा. साल खायची नसली तरी तिच्यावरची घाण सुरीबरोबर आत जाते. फळ पाटावर ठेवून बीभोवती उभी सुरी फिरवावी आणि दोन्ही भाग पिळून वेगळे करावेत. बी चमच्याने उचकटून काढावी. फळ तळहातावर धरून बीवर सुरी मारायची जी पद्धत व्हिडिओत दाखवतात, ती करू नये आणि मुलांना तर मुळीच करू देऊ नये. त्यात अनेकांचे हात कापले जातात.

4. गर चमच्याने काढून वाटणावर घालावा आणि लगेच लिंबाचा रस घालावा. दगडी वरवंट्याने किंवा काट्याने दाबावे, घोटू नये. हरभऱ्याएवढे तुकडे मधून मधून राहिले पाहिजेत. मिक्सरमध्ये फिरवले तर त्याची मलमासारखी पेस्ट होते, चव सपाट लागते आणि हवा मिसळल्यामुळे ती लवकर काळी पडते.

5. शेवटी दोन तृतीयांश फळे हलक्या हाताने मिसळावीत आणि उरलेली वर पसरावीत. लगेच वाढावे.

रोजा असताना बऱ्याच बायका चव पाहण्याचे टाळतात, म्हणून मिठाचे माप वर दिले आहे. इफ्तारीसाठी करायचे असेल तर फळे चिरून आणि कांदा-मिरची कुटून आधी ठेवता येते. ॲव्होकाडो मात्र मगरिबच्या अजानआधी दहा मिनिटे कापावा.

आपल्या हंगामाप्रमाणे

पीच आपल्याकडे थोडे दिवसच मिळतो आणि महागही असतो. त्याच्या हट्टाला पेटण्याचे कारण नाही. नियम एवढाच की घालायचे फळ थोडे आंबट हवे आणि दाताखाली लागणारे हवे. ॲव्होकाडो मऊ आणि स्निग्ध असतो, त्याला स्वतःचा गोडवा जवळपास नसतो. त्याला मऊ आणि गोड फळाची जोड दिली तर सगळे गिळगिळीत होते.

जानेवारी ते एप्रिल नाशिककडची द्राक्षे भरपूर असतात आणि सोलापूरकडचे डाळिंब बहुतेक वर्षभर मिळते. ही जोडी मूळ कृतीच्या अगदी जवळची आहे. उन्हाळ्यात आंबा घालावा, पण हापूस नको. त्याचा गर विरघळतो आणि एवढा चांगला आंबा चटणीत घालणे जिवावरही येते. घट्ट, अर्धवट पिकलेला तोतापुरी उत्तम. त्याच्यासोबत लिंबू निम्मे करावे. मेक्सिकोतही आंबा खूप खातात. तो तिथला नाही. फिलिपिन्समधल्या मनिला शहरातून आकापुल्को बंदराला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून तो तिकडे पोचला, म्हणून तिथल्या एका जातीचे नावच मनिला आंबा आहे. अननस घालायचा तर त्याच्या चकत्या आधी कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजाव्यात, पाणीही आटते आणि चवही खुलते. संत्रे घालताना फोडींचे पापुद्रे काढून रस निथळू द्यावा. कलिंगड, केळे, सीताफळ आणि पिकलेली पपई यांच्या वाटेला जाऊ नये.

काळे का पडते?

ॲव्होकाडो कापला की थोड्या वेळात तपकिरी होतो. वांगे, सफरचंद आणि केळेही होते. फळ कापताना पेशी फुटतात, त्यातले एक विकर हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून हा रंग तयार करते. लिंबाच्या आम्लाने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. वाडग्यात बी ठेवली की काळे पडत नाही, असे सांगतात. बी जेवढी जागा झाकते तेवढीच हिरवी राहते, बाकीची नाही. खरा उपाय हवा लागू न देण्याचा आहे. उरलेली चटणी छोट्या वाटीत दाबून भरावी, वर लिंबाचा पातळ थर द्यावा आणि तिला चिकटेल असे प्लॅस्टिक किंवा ताटली लावून फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावी. वरचा थर थोडा तपकिरी झाला तर तेवढा काढावा. आंबूस वास येत असेल तर मोह करू नये. पण त्याहून चांगले म्हणजे जेवढे लागेल तेवढेच करावे. एक फळ तिघांना पुरते.

कशासोबत खावे

मुलांना नाचोज हवे असतात. अधूनमधून ठीक आहे. चीज फ्लेवरचे घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि घटक वाचावेत. पण आम्हाला सर्वांत आवडते ती ज्वारीची भाकरी. रात्रीच्या उरलेल्या भाकरीचे तुकडे मंद तव्यावर कडक करावेत. मक्याच्या तोर्तियाची कडक चकती आणि हा तुकडा यांत फार अंतर नाही. कोकणात तांदळाची भाकरी असते, तिच्याशीही जमते. शामी कबाब, तळलेली मासळी किंवा कोरडा खिमा यांच्या बाजूला ही थंड, आंबटगोड चटणी शोभते. जेवणात कबाब तिखट असतील तर चटणीतली मिरची कमी करावी.

प्रकृतीचा विचार

ॲव्होकाडोच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 160 कॅलरी असतात आणि साधारण 15 ग्रॅम स्निग्ध पदार्थ. त्यातला मोठा भाग ऑलिव्ह तेलात असतो तसल्या चांगल्या प्रकारचा आहे. तंतू सुमारे 7 ग्रॅम, साखर एक ग्रॅमपेक्षा कमी. म्हणून मधुमेह असलेल्यांना साधे ग्वाकामोले सहसा चालते, मात्र फळे घातली की त्यांची साखर मोजावी. त्यांच्या वाटीत डाळिंबाचे थोडे दाणे पुरेत. दात नसलेल्या वडीलधाऱ्यांना फळे घालण्याआधीच वेगळे काढून द्यावे. यात पोटॅशियम बरेच असते, तेव्हा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. ज्यांना रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी आहे, त्यांतल्या काहींना हे फळही सोसत नाही. चांगले म्हणून रोज खाण्याचीही गरज नाही. शेंगदाणे, तीळ आणि जवस यांच्या चटण्यांतही चांगले स्निग्ध पदार्थ असतात आणि त्या कितीतरी स्वस्त आहेत.

परवडत नसेल तर

ॲव्होकाडो घ्यायलाच हवा असे मुळीच नाही. मुलांनी व्हिडिओत पाहिले म्हणून महिन्याच्या हिशेबात ओढाताण करू नये. त्याच खलबत्त्यात, त्याच क्रमाने कांदा, मिरची आणि मीठ कुटा. त्यात अर्धवट पिकलेला पेरू बिया काढून ठेचा, लिंबू पिळा आणि डाळिंबाचे दाणे घाला. याला ग्वाकामोले म्हणता येणार नाही, पण चटणी झकास होते. आणि पेरूही मुळात अमेरिकेच्या बाजूचाच पाहुणा आहे.

दोन्हीपैकी काहीही करा, कुटायचे काम मुलांकडे द्या, मुलींकडे तसेच मुलांकडेही. आधी काय कुटायचे, लिंबू केव्हा घालायचे, फळ शेवटी का, हे हाताने केले की पक्के लक्षात राहते. करता करता मिरची कुठून आली आणि लिंबू कुठे गेले तेही सांगा. मग दुसऱ्या दिवशी डब्यात तीच चटणी आणि भाकरी द्या. ज्या मुलाने ती स्वतः कुटली आहे आणि ज्याला तिची गोष्ट सांगता येते, तो झाकणाआड जेवणार नाही. शेजारच्याला घासही देईल.